डीपीचा न्यूट्रल आणि घरचा टीव्ही

उन्हाळ्यात चांदूर बाजार तालुक्यातल्या कोणत्याही गावी रात्री पाहा. घरोघरचे कूलर सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो. याची आपल्याला सवयच आहे. पण शेतकरी बंधूंनो, उलटे झाले तर? शेजाऱ्याचा बल्ब मंद आणि आपला एकाएकी डोळे दिपवील असा? त्या वेळी पाहत बसू नका. आधी मेन स्विच बंद करा.

असे का होते ते समजून घ्या. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रलचा जोड सैल झाला, गंजला किंवा तार तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांतून जोडली जातात. ज्या फेजवर कूलर जास्त, तिकडे व्होल्टेज उतरते. ज्या फेजवर लोड कमी, तिथे ते ३०० च्याही वर चढू शकते. एकाच रात्री पाच-सहा घरचे टीव्ही उडतात ते बहुधा यामुळेच. शिव्या मात्र दुकानदाराला!

"आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे ना," असे म्हणाल. त्याच्यावर लिहिलेली व्होल्टेजची मर्यादा एकदा वाचा. त्यापलीकडे तो काही करू शकत नाही. म्हणून घेताना 'हाय कट'वाला, म्हणजे व्होल्टेज फार वाढताच लाईन तोडणारा घ्यावा. लाईन गेली की फ्रीजचे बटन बंद करावे आणि आल्यावर चार-पाच मिनिटे थांबावे, नाहीतर कॉम्प्रेसर अडकून तापतो.

काही जण न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या तारेवर काम भागवतात. हा जिवावरचा उद्योग आहे. काळ्या जमिनीला भेगा पडल्या, अर्थिंगचा खड्डा वाळला, की तोच करंट कूलरच्या पत्र्यात उतरतो, आणि खाली फरशी ओली असते. त्या खड्ड्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी टाकावे. कूलरमध्ये पाणी भरताना पिन आधी काढावी, मग बादली उचलावी.

विजा चमकू लागल्या तर बटन बंद करून भागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलवर विजेची सूचना देते. ती येताच पिन काढा, डिशची वायरही काढा. वीज डोक्यावर आल्यावर मात्र वायरीला हात लावू नका.

सरपंच आणि सचिवांना एक विनंती. डीपीचा न्यूट्रल, तिथली अर्थिंग आणि तिन्ही फेजवरचे लोड उन्हाळ्याआधी तपासून मिळावे, असा अर्ज डीपी नंबरासह महावितरणच्या कार्यालयात द्यावा. रात्रीबेरात्री बिघाड झाला तर १९१२ वर कळवावे. गावातल्या हौशी पोराला डीपीवर चढवू नये. अर्जाची पोचशिक्क्याची प्रत पंचायतीत जपून ठेवा. पुढे नुकसानभरपाई मागायची झाली तर ती कामी येऊ शकते.