सई ताम्हणकर : सांगली ते ‘लव्ह सोनिया’

जन्म सांगली, १९८६. शाळकरी वयात कबड्डीपटू. पुढे मालिका आणि २००८ मध्ये ‘सनई चौघडे’. त्याच वर्षी ‘गजनी’त छोटी भूमिका. ‘दुनियादारी’ २०१३ मधला.

- भाषा : मराठी, हिंदी. ‘सोलो’ (२०१७) मल्याळम आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत.
- ‘लव्ह सोनिया’ (२०१८) : दिग्दर्शक तबरेज नूरानी. विषय मानवी तस्करी. बहिणीच्या शोधात निघालेल्या सोनियाची फरफट गावातून मुंबई, हाँगकाँग, लॉस एंजेलिसपर्यंत. सोनिया झाली मृणाल ठाकूर. डेमी मूर आणि फ्रिडा पिंटोही कलाकारांत. सई सहायक भूमिकेत.
- ‘मिमी’ (२०२१) : ‘मला आई व्हायचंय!’ या मराठी चित्रपटाचा हिंदी अवतार. सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार याच चित्रपटासाठी.

नंतर ‘भक्षक’ (२०२४), ‘डब्बा कार्टेल’ (२०२५), दोन्ही नेटफ्लिक्सवर.