पांढरी छत्री

सकाळी ७. पालघर स्टेशन. सप्टेंबरचा पहिला आठवडा, पावसानं जरा उघडीप दिलेली. बोईसर-तारापूरकडची मुलं डहाणू लोकलनं आली. रिक्षा, मग मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड. देवळात हात जोडून काळदुर्गची वाट धरली.

९. चढ घसरडा. साग-ऐनाच्या सावलीतून वर आलो तर उतारावर, गवतातून डोकं काढून, पांढऱ्या फुलांची छत्री. बोईसरची विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हे गाजरगवत ना?"

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला तो आवडतो, कारण इथूनच नीट बघायला सुरुवात होते. गाजरगवत सूर्यफुलाच्या कुळातलं, अमेरिकेतून आलेलं. गाजराशी त्याचं साम्य पानापुरतं. हे मात्र खरोखर गाजराच्या, धन्या-जिऱ्याच्या कुळातलं आणि इथलंच. दांड्याच्या एकाच टोकातून काड्या फुटलेल्या, प्रत्येक काडीवर पुन्हा छोटी छत्री. पाकळ्या पाच, पुंकेसर पाच. देठाचा तळ खोडाला म्यानासारखा धरलेला. पान चुरगळून हुंगायला सांगितलं, चाखायला सक्त मनाई. या कुळात जिरं आहे तसं जीवघेणं हेमलॉकही आहे. काहींचा रस कातडीला लागून वर ऊन पडलं की फोड येतात.

भिंगातून बघितल्यावर मुलं गप्प झाली. छत्रीच्या कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा कितीतरी मोठ्या, टोकाला दुभंगलेल्या. सह्याद्रीत याच कुळातली पिंपिनेलाही भेटते, पण तिची फुलं बारीक आणि सारखी असतात. म्हणजे ती नव्हे.

११. नोंदी: उंची, उतार, सावली, पानांची विभागणी, फोटो. फुलांचा एकच दांडा कापला. कंद जमिनीतच राहू दिला. पुढच्या पावसाळ्यात झाड त्यातूनच येणार.

२. प्रयोगशाळा. थिओडोर कुक यांचा जुना ग्रंथ उघडला. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींसाठी मी आजही त्यांच्यापासूनच सुरुवात करते. नावं बदललीत, वर्णनं टिकून आहेत. संशय पिंडा कोंकणेन्सिसवर. ही फक्त पश्चिम घाट-कोकणची. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल यांनी तिला हेराक्लियम प्रजातीत घातलं होतं. १९८६ मध्ये मुखर्जी आणि कॉन्स्टन्स यांनी तिच्यासाठी पिंडा ही वेगळी प्रजाती केली.

"मग लिहू का नाव?" मुलांना घाई.

नाही. या कुळात फूल फसवतं, फळ बोलतं. फळ चपटं आहे की गोलसर, कडेला पंख आहेत का, दोन फाकांत तेलाच्या नळ्या किती आणि कुठवर उतरतात, हे पाहिल्याशिवाय नाव देणं म्हणजे अंदाज. मोबाइलच्या ॲपनं क्षणात नाव दिलं होतं, पण त्याला फळ दिसलेलं नाही. इथे घाई केली तर चुकीची नोंद पुढच्या कित्येक याद्यांमध्ये उतरत जाते.

५. दांडा वर्तमानपत्राच्या घडीत, दाबयंत्रात. या दमट हवेत कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी. पाळी लावून दिली. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, फुलांचा रंग आणि शेवटी: "पिंडा? फळ तपासायचं." ज्या रोपाचा दांडा घेतला, त्याच्याशेजारच्या तशाच रोपाला सुतळीची खूण करून आलोय. फळं धरली की मुलं पुन्हा खिंडीत जातील.