आज्ञा आणि पूर्ती : स्वयंचलित ब्राउझरद्वारा फाइली उतरवून घेण्याचा विचार

भाषेच्या अभ्यासासाठी मोठा लिखितसंग्रह जमवावयाचा झाल्यास महाजालावरून शेकडो फाइली उतरवून घ्याव्या लागतात. हे काम हाताने करणे कष्टाचे असल्यामुळे ब्राउझरकडून ते आपोआप करवून घेणाऱ्या आज्ञावलीचा आश्रय केला जातो. २००४ साली आरंभ झालेले सेलेनियम व २०२० साली मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेले प्लेराइट ही या कामाची परिचित साधने होत. आज्ञावली पान उघडते, दुव्यावर क्लिक करते आणि पुढील पानाकडे वळते. परंतु क्लिक झाले म्हणजे फाइल हाती आली, असे नव्हे. हा भेद न पाळल्यास संग्रहात कोणता दोष शिरतो, हे येथे पाहावयाचे आहे.

मराठी क्रियापदाच्या रूपांत हा भेद स्पष्ट आहे. ‘फाइल उतरत आहे’ यात क्रिया अपूर्ण, तर ‘फाइल उतरली आहे’ यात ती पूर्ण असते. ब्राउझरही हा भेद पाळतात. क्रोम अपूर्ण फाइलीच्या नावास ‘सीआरडाउनलोड’ हा शेवट जोडतो व काम पुरे होताच तो काढून टाकतो. फायरफॉक्स येणारा मजकूर ‘पार्ट’ या शेवटाच्या फाइलीत साठवितो. मात्र अंतिम नावाची एक रिकामी फाइलही त्याच वेळी निर्माण करून ठेवतो. तेव्हा फोल्डरमध्ये नाव दिसले, एवढ्यावरून फाइल आली असे मानता येत नाही.

प्रत्येक क्लिकनंतर ठराविक काळ, उदाहरणार्थ ५ सेकंद, थांबावयाचे, हा नेहमीचा उपाय. लहान फाइली तेवढ्यात येतात. मोठ्या येत नाहीत, आणि ब्राउझर बंद होताच त्यांचे उतरणे खंडित होते. म्हणजे ही गळती सर्वत्र सारखी नसून नेमकी दीर्घ ग्रंथांची असते. अशा संग्रहावरून वाक्याच्या लांबीविषयी अथवा विरळ शब्दांविषयी काढलेले निष्कर्ष वस्तुतः लघुलेखनापुरतेच खरे असतात. आज्ञावली कोठेही अडलेली नसल्यामुळे अभ्यासकास याची शंकाही येत नाही.

उपाय साधनाप्रमाणे भिन्न आहेत. प्लेराइटमध्ये डाउनलोड सुरू झाल्याची वार्ता मिळते व तिच्या आधारे पूर्तीची वाट पाहता येते. मात्र ही वार्ता ऐकण्याची तजवीज क्लिकपूर्वीच करावयास हवी. नंतर केल्यास ती निसटू शकते. शिवाय ब्राउझरचे ते सत्र मिटताच तेथे उतरलेल्या फाइली नष्ट होतात. म्हणून त्या आधीच अन्यत्र जतन कराव्या लागतात. २०१८ साली मानक ठरलेल्या वेबड्रायव्हर व्यवस्थेत डाउनलोडची प्रगती कळविणारी सोय नाही. यास्तव दुव्याचा पत्ता व आवश्यक त्या कुकी सेलेनियमने मिळवाव्यात आणि फाइल स्वतंत्र साधनाने मागवावी, असेच सेलेनियमचे अधिकृत मार्गदर्शन सुचविते.

एवढ्याने काम संपत नाही. प्रवेशाची मुदत संपली असल्यास ग्रंथाऐवजी प्रवेशाचे पानच पूर्णपणे उतरलेले असू शकते. पीडीएफ फाइलीच्या प्रारंभी तिच्या प्रकाराची व अखेरीस समाप्तीची खूण असते. या दोन्ही तपासल्यास असा घोटाळा बहुधा उघड होतो. मराठी नावांचा प्रश्न वेगळा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. अनेक संगणकव्यवस्थांत फाइलीच्या नावास २५५ बाइटांची मर्यादा असल्याने काना, मात्रा, हलन्त धरून ८५ चिन्हांतच नाव संपते. म्हणून फाइलीस अनुक्रमांकाचे नाव द्यावे आणि मूळ नाव, पत्ता, दिनांक व आकार यांची नोंद निराळ्या सूचीत ठेवावी. जी फाइल आली नाही तिचीही नोंद त्याच सूचीत असावी. संग्रहावरून काढलेल्या निष्कर्षांची मर्यादा तीवरूनच ठरते.