मांजर आणि घरातील विषारी वनस्पती

गुलदस्त्यातील लिली माणसाच्या दृष्टीस कितीही मनोहर भासली, तरी तिची पाने, पाकळ्या, पराग, किंबहुना फुलदाणीतील पाणीदेखील मांजराच्या मूत्रपिंडांस घातक असते. आरंभी ओकाऱ्या व मरगळ दिसते आणि वेळीच इलाज न झाल्यास २४ ते ७२ तासांत मूत्रपिंडे निकामी होतात.

मनीप्लांटमधील कॅल्शियम ऑक्झलेटचे सूचीसदृश स्फटिक मुखाचा दाह करतात, सायकस यकृताचा घात करतो, तर कण्हेर हृदयाची गती बिघडवते.

म्हणून ज्या घरात मांजराचा वावर आहे, तेथे लिली आणूच नये. अंगावर पराग दिसताच मांजराने चाटण्यापूर्वी ते पुसून काढावेत आणि लक्षणांची वाट न पाहता, वनस्पतीचा नमुना बरोबर घेऊन, तातडीने पशुवैद्याकडे जावे.