हाडवैद्य

हाडवैद्य हे मोडलेले हाड वा निखळलेला सांधा परंपरागत पद्धतीने बसविणाऱ्या व्यक्तीस महाराष्ट्रात रूढ असलेले नाव आहे. ही विद्या बहुधा घराण्यात पिढीजात चालत येते. हाड ओढून बसविणे, तेलाने चोळणे, वनस्पतींचा लेप लावणे व बांबूच्या कामट्या बांधणे असे तिचे स्वरूप असते. नोंदणी नसलेल्या व्यक्तीच्या अशा उपचारांमुळे अवयव कायमचा निकामी होण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. बंध सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि अतिघट्ट असल्यास सूज, वेदना व पाक होतो, असा इशारा त्यात दिलेला आहे. आजच्या अनेक दुर्घटनांचे मूळ याच घट्ट बंधनात आढळते.

लोकप्रियतेची कारणे

कमी खर्च आणि शस्त्रक्रियेची भीती ही प्रमुख कारणे होत. अंबरनाथजवळील मोरिवलीसारख्या औद्योगिक परिसरात हातावर पोट असणाऱ्यांना रोजगार बुडविणे कठीण जाते. शिवाय साधी मुरगळ किंवा जागेवरून न सरकलेला अस्थिभंग पुष्कळदा विश्रांतीनेच बरा होतो. श्रेय मात्र लेपाला मिळते.

धोके

* रक्तपुरवठा खंडित होणे : अस्थिभंगानंतर सूज वाढते. बंध घट्ट असल्यास आतील दाब वाढून स्नायूंना रक्त मिळत नाही. ही स्थिती सुमारे सहा तास टिकल्यास स्नायू मृत होऊ लागतात. बोटे कायमची आखडण्याच्या या विकृतीचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली केले. कोपरावरील हाड मोडलेल्या लहान मुलांना हा धोका विशेष असतो. कोथ झाल्यास अवयव कापावा लागतो.
* चुकीची जुळणी : क्ष-किरण चित्राशिवाय हाडाची नेमकी स्थिती कळत नाही. हाड वाकडे जुळते किंवा जुळतच नाही.
* चोळण्याचे दुष्परिणाम : दुखावलेल्या कोपराभोवती चोळल्याने स्नायूंत हाड तयार होऊन सांधा आखडू शकतो.
* जंतुसंसर्ग : उघड्या जखमेवर लेप लावल्यास धनुर्वात व अस्थिशोथ संभवतो.

धोक्याची लक्षणे

सतत वाढणारी असह्य वेदना, बोटे हलविताना होणारी तीव्र कळ, मुंग्या, बधिरता, बोटे फिकी, निळसर वा थंड पडणे. नाडी लागत असली तरी धोका टळला असे समजू नये. अशा वेळी बंध तत्काळ सोडून रुग्णास रुग्णालयात न्यावे. सकाळपर्यंत थांबू नये.

कायदा

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. पिढीजात अनुभव हा नोंदणीस पर्याय ठरत नाही. नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांची गणना मात्र अशा व्यक्तींत होत नाही.

प्रथमोपचार

अवयव आहे त्या स्थितीत आधार देऊन स्थिर ठेवावा. तो ओढू वा चोळू नये. अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, जखम स्वच्छ कापडाने झाकावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.