पौर्णिमेची रात्र आणि आपली झोप

● बाझेल, २०१३ : स्वित्झर्लंडमधील झोपेच्या प्रयोगशाळेत ३३ स्वयंसेवकांची पाहणी झाली. पौर्णिमेच्या सुमारास त्यांची झोप सरासरी २० मिनिटांनी कमी भरली.

● अर्जेंटिना, २०२१ : कोम आदिवासी पौर्णिमेआधीच्या काही रात्री उशिरा झोपत. या दिवसांत चंद्र सूर्यास्तापूर्वीच उगवलेला असतो, त्यामुळे तिन्हीसांजेपासूनच चांदणे मिळते. सिएटलच्या विद्यार्थ्यांतही हाच कल आढळला.

● कोल्हापूर : कोजागरीला आटीव दुधासह जागरण. त्रिपुरारी पौर्णिमेला खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाच्या गोल झरोक्यावर मध्यरात्री येणारा चंद्र पाहायला गर्दी होते.

● लक्षात ठेवा : पौर्णिमेचे चांदणे अर्ध्या लक्सहूनही कमी, घरातला दिवा त्याच्या शेकडो पट प्रखर. निजण्यापूर्वी तासभर दिवे मंद करा, मोबाइल दूर ठेवा.