दोष कोठे आहे?

मनुष्याला ज्वर आला, की आपण तापमापक लावतो. पण तापमापकच खोटे सांगू लागला तर? मोटारीच्या बाबतीत असा प्रसंग अनेकदा ओढवतो.

इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याचे तापमान मोजण्यासाठी तेथे एक लहानसा संवेदक बसविलेला असतो. कारागीर त्याला सेन्सर म्हणतात. पाणी थंड असता त्याचा विद्युतरोध अधिक असतो; पाणी तापू लागले, की तो घटत जातो. एका प्रचलित प्रकारात २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम असलेला रोध ८० अंशांना अवघ्या ३०० ओहमांच्या आसपास येतो. मोटारीतील संगणक या परिपथाला ५ व्होल्टचा दाब पुरवितो आणि संवेदकापाशी किती दाब आढळतो, यावरून तापमान ताडतो. इंधन किती द्यावे, पंखा केव्हा फिरवावा, हे ठरविताना तो या मापाचा आधार घेतो.

आता समजा, परिपथातील एक तार तुटली. प्रवाह थांबतो, दाब ५ व्होल्टांवर जातो आणि बाहेर वैशाखाचे ऊन असले, तरी तापमान उणे ४० अंश दिसू लागते! संगणक सावध होतो, चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लावतो आणि ‘पी ०११८’ हा दोषाचा सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो.

उतावळा कारागीर तो क्रमांक वाचून लगेच नवा संवेदक बसवितो. दिवा मात्र विझत नाही. मालकाचे पैसे वाया जातात आणि निर्दोष वस्तू भंगारात पडते. असे का व्हावे? कारण तो क्रमांक फक्त परिपथ दाखवितो. त्यातील नेमका दोषी भाग दाखवीत नाही.

जाणता कारागीर आधी परीक्षा घेतो. इंजिन निवल्यावर तो संवेदकाचा कनेक्टर काढतो आणि त्यातील दोन्ही तारांची टोके एका तुकड्याने क्षणभर जोडतो. तपासयंत्रावरील आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या पलीकडे गेला, तर तारा व संगणक ठीक आहेत. दोष संवेदकातच आहे. आकडा जागचा हलला नाही, तर संवेदकाला बोल लावण्याचे कारण नाही. मग तो मल्टिमीटरने तार तपासतो, तुटलेली जागा सांधतो, टोकांवर चढलेला हिरवट गंज काढतो. शेवटी इंजिन सुरू करून तापमान हळूहळू ९० अंशांच्या आसपास चढते, याची खात्री करून घेतो.

मुलांनो, संशय कोणावरही घेता येतो. परंतु निर्णय परीक्षेनंतरच द्यावा. कारागिराचे खरे कौशल्य यातच असते.